माघ सरताना सिंहगडाची पहाट, आणि कारवीतून आलेला एक अनोळखी आवाज

माळटिटवी (धाग्याची सुरुवात)

नमस्कार.

गेल्या रविवारी आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगडाकडे जाताना पाहिलेल्या आणि ऐकलेल्या पक्ष्यांची ही नोंद आहे. शेवटी एक प्रश्न आहे आणि खरे तर त्यासाठीच हा धागा काढला आहे. परंतु आवाज कोणत्या जागी, किती वाजता आणि कोणाच्या सोबतीने ऐकू आला हे सांगितल्याशिवाय जाणकारांनाही ओळख पटवणे अवघड जाते, म्हणून आधी सगळी सकाळ सांगते.

महाशिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आमच्या घरी मोठी माणसे म्हणत. ती दोन दिवसांवर आली होती आणि पायथ्याशी स्वेटर काढवत नव्हता. पावणेसहाला पोहोचले तेव्हा पूर्ण अंधार होता. वाटेच्या तोंडाशी रातवा बोलत होता. फरशीवर टाकलेली गोटी उड्या घेत घेत थांबते, प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा तोकडी होत जाते, तसा त्याचा ‘चक्‌-चक्‌-चक्‌-चकर्र’ असा आवाज असतो. सव्वासहाच्या सुमारास दयाळ गाऊ लागला आणि रातवा गप्प झाला. थंडीभर दयाळ बारीक, कुरकुरल्यासारखा आवाज काढून मोकळा होतो. आता मात्र उंच शेंड्यावर बसून त्याने सलग दहा मिनिटे शीळ घातली. ऋतू बदलल्याची खूण मला कॅलेंडरापेक्षा याच गाण्यातून आधी कळते.

गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि या वाटेने दीड तासात माथा गाठता येतो. रविवारी शेकडो लोक तो गाठतात. मी मात्र पहिल्या चढापाशीच मुख्य वाट सोडली आणि कोरड्या पडलेल्या ओढ्याच्या कडेने झाडीत शिरले. पावणेसातला, सूर्य वर येण्याआधीच, नाचण दिसला. शेपटीचा पंखा उघडायचा, मिटायचा, फांदीवर अर्धे वळायचे, पुन्हा उघडायचा, असा त्याचा उद्योग क्षणभरही थांबत नाही. छातीवरचे पांढरे ठिपके अंधुक प्रकाशातही स्पष्ट होते. त्याच झाडाखाली टिकेलचा निळा माशीमार होता. वरून निळा, छातीला नारिंगी, आणि बसण्याची जागा जमिनीपासून जेमतेम पुरुषभर उंचीवर. सुभग आणि शिंपी नुसतेच ऐकू आले.

ऊन आल्यावर मी एका फुललेल्या काटेसावरीसमोर तासभर बसले. या झाडाची सगळी पाने या दिवसांत गळलेली असतात आणि नुसत्या फांद्यांवर लालभडक, मांसल पाकळ्यांची फुले उघडतात, त्यामुळे पक्षी शोधावे लागत नाहीत. साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, हळद्या, जांभळे सूर्यपक्षी आणि पस्तीस-चाळीस भोरड्या एवढे सगळे एकाच झाडावर होते. एक साळुंकी फुलात गळ्यापर्यंत डोके घालून बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला परागांची भुकटी लागली होती. त्याच कपाळाने ती पुढच्या फुलात शिरली. झाडाचा सगळा हेतू त्या एका हालचालीत दिसला. जवळच्या वठलेल्या फांदीवर तांबट ‘टुक्‌-टुक्‌’ करत होता. दुर्बिणीतून नीट पाहिले तर चोच मिटलेलीच होती, फक्त गळ्याची कातडी दर ठोक्याला फुगत होती.

आता प्रश्न. आठच्या सुमारास, ओढ्याच्या पलीकडच्या कारवीच्या दाट झुडपातून एक आवाज तीन वेळा आला. पोकळ बांबूच्या तोंडाशी हलकेच फुंकर घालावी तसा गोड, गोल ‘पू-पु-पु-पु’, आणि शेवटी किंचित घोगरा, घाईने जोडलेला ‘क्रू-क्रू’. पक्षी दिसला नाही. वीस मिनिटे थांबले, कारवी हललीसुद्धा नाही. यादीत ‘अनोळखी, १’ असे लिहिले आहे. हा कोण असावा?

---

जुनी_दुर्बीण

माळटिटवी ताई, नोंद मनापासून आवडली. आवाज पाहण्याइतक्याच काळजीने लिहून ठेवणारे लोक कमी आहेत.

ओढा, झाडी आणि शीळ असे तीन शब्द एकत्र आले की पहिला संशय शीळकरी कस्तुरावर जातो, म्हणून आधी त्याचा विचार करू. हा पक्षी काळसर निळा असतो, खांद्यावर आणि कपाळावर निळ्या रंगाची चमक असते, आणि वाहत्या पाण्याजवळ त्याचे घर असते. त्याची शीळ माणसाच्या शिळेसारखी असते. एखादा मुलगा गुरे वळताना स्वतःच्याच नादात, सूर न सांभाळता, वाट फुटेल तिकडे शीळ घालत जातो, तशी ती लांबते, भरकटते, पुन्हा सुरुवातीला येते. तुमचा आवाज ठरावीक चार ठोक्यांचा आणि तीनही वेळा सारखाच होता. शिवाय कस्तूर खरा रंगात येतो तो वळवाच्या आगेमागे आणि पावसाळ्यात. माघात ओढे कोरडे असताना तो बहुधा गप्प असतो. माझ्या मते हा कस्तूर नव्हे.

दोन गोष्टी विचारतो. आवाज जमिनीजवळून आला की उंचावरून? आणि शेवटचा घोगरा भाग पहिल्या भागाच्या नेमक्या त्याच जागेवरून आला का?

---

माचीवरून

मला हा भारद्वाज वाटतो. तोही दाट झुडपात राहतो आणि त्याचाही ‘हूप-हूप-हूप’ असा घुमणारा आवाज असतो. आमच्या सोसायटीच्या कुंपणात रोज सकाळी ऐकू येतो आणि प्रथम ऐकला तेव्हा मलाही तो एखाद्या मोठ्या, अनोळखी पक्ष्याचा वाटला होता.

---

जुनी_दुर्बीण

माचीवरून, शंका रास्त आहे. या दोघांची गल्लत अनेकांची होते. परंतु भारद्वाजाचा आवाज खोल असतो, रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा, आणि तो एकदा सुरू झाला की दहा-पंधरा ठोक्यांची माळ ओवतो. ताईंनी ‘गोल’ आणि ‘गोड’ असे शब्द वापरले आहेत. भारद्वाजाला गोड म्हणावे असे सहसा कोणाला वाटत नाही, त्याच्या आवाजाला भारदस्तपणा आहे. त्यांच्या उत्तराची वाट पाहू.

---

माळटिटवी

आवाज जमिनीजवळून आला, याबद्दल मला खात्री आहे. भारद्वाज मी चांगला ओळखते, तो नक्की नव्हता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी थबकले. मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले, पण त्यात वाटेवरच्या लोकांचे बोलणे इतके आहे की त्यावरून काहीच ठरवता येत नाही. आठवून सांगायचे तर ‘क्रू-क्रू’ किंचित डावीकडून आला होता. त्या वेळी मला वाटले की पक्ष्याने ओरडताना मान वळवली असावी.

---

डोंगरकूस

मान वळवली नव्हती. तुम्ही दोन पक्षी ऐकलेत.

हा सिमिटर बॅबलर आहे. सिमिटर म्हणजे वाकडी तलवार, आणि पक्ष्याची लांब, खाली वळलेली पिवळी चोच तशीच दिसते. नात्याने हा आपल्या अंगणातल्या सातभाईंचा, परंतु स्वभाव अगदी उलटा. सातभाई घोळक्याने गोंगाट करत उघड्यावर फिरतात; हा जोडीने किंवा लहान कुटुंबाने, दाट झुडपाच्या तळाशी, पालापाचोळ्यात किडे शोधत राहतो. आकार बुलबुलाएवढा. डोके गडद करडे-तपकिरी, डोळ्यांवरून काळी पट्टी, तिच्यावर लांब पांढरी भुवई, आणि गळा-छाती पांढरीशुभ्र. एकदा पाहिला की विसरणे शक्य नाही, पण दिसतो क्वचित. आधी ऐकून मग धीराने थांबणाऱ्यालाच हा भेटतो.

याच्या बोलण्याची गंमत अशी की ते एकट्याचे नसते. एक पक्षी ‘पू-पु-पु-पु’ म्हणतो आणि त्याचा शेवटचा ठोका पुरता विरण्याआधीच जोडीदार ‘क्रू-क्रू’ असे उत्तर देतो. ओवी म्हणणारीचा शेवटचा शब्द संपता संपता जात्यावरची दुसरी बाई पुढचा उचलते, तसे ते जुळून येते. मधे फट नसते, म्हणून ऐकणाऱ्याला एकच पक्षी एकच वाक्य बोलतो आहे असे वाटते. महाबळेश्वरच्या रानात मी कितीतरी दिवस असाच फसलो होतो. एकदा योगायोगाने दोघांच्या मधोमध उभा राहिलो आणि सुरुवात उजव्या कानाला, शेवट डाव्या कानाला ऐकू आला, तेव्हा उलगडा झाला.

आता ऋतूविषयी. याच्या विणीचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असा असतो. घरटे वाळलेल्या पानांचे आणि गवताचे, चेंडूसारखे, बाजूने तोंड असलेले, जमिनीवर किंवा झुडपाच्या अगदी तळाशी असते. म्हणजे तुम्ही ऐकलेली जोडी घरट्याच्या तयारीत असू शकते, किंवा घरट्यात अंडी असू शकतात. पुढच्या वेळी कारवीत शिरू नये, कडेलाच बसावे, एवढी विनंती. वाळलेल्या पानांच्या ढिगात पांढरी अंडी असलेला पानांचाच चेंडू पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

---

माळटिटवी

डोंगरकूस, मनापासून आभार. इतकी वर्षे या वाटेने जाते आहे आणि बहुधा प्रत्येक वेळी दोघांना एक समजून पुढे गेले.

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. इंटरनेटवर या पक्ष्याची चांगली ध्वनिमुद्रणे आहेत. खात्री करण्यापुरती, दोन-चार सेकंद, त्या जागी मोबाइलवर लावून पाहिली तर चालेल का? उत्तर आले तर ओळख पक्की होईल. हे योग्य की अयोग्य ते मला खरोखर कळत नाही, म्हणून विचारते.

---

माचीवरून

माझ्या मते दोन-चार सेकंदांनी काही बिघडत नाही. पक्षीगणनेत काम करणारे अभ्यासकही लपून राहणाऱ्या पक्ष्यांसाठी ध्वनिमुद्रण वापरतात. अतिरेक वाईट आहे हे मान्य, पण सरसकट नाही म्हणणेही बरोबर वाटत नाही.

---

डोंगरकूस

अभ्यासक वापरतात हे खरे आहे. परंतु ते ठरवलेल्या पद्धतीने, ठरावीक वेळ आणि एकदाच वापरतात, आणि त्यातून येणारे उत्तर त्या जातीच्या उपयोगी पडते. आपण रविवारी वापरतो तेव्हा हिशेब वेगळा होतो. मी दोन सेकंद वाजवीन, माझ्या मागून येणारा दोन वाजवील, आणि पुण्याहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या या ओढ्यात एका सकाळी असे किती जण येतात हे आपण सगळेच जाणतो. पक्ष्याच्या दृष्टीने ते दोन सेकंद नसतात. एकामागून एक वीस घुसखोर येऊन त्याच्या हद्दीवर हक्क सांगत असतात.

या दिवसांतले गाणे म्हणजे हद्दीची राखण असते, हा मूळ मुद्दा आहे. नर गातो तेव्हा तो शेजाऱ्याला सांगत असतो की ही झाडी माझी आहे, आणि मादीला सांगत असतो की मी येथे आहे. त्याच्या झाडीत त्याच्याच जातीचा अनोळखी आवाज आला की हातातले काम टाकून त्याला यावेच लागते. घरट्यावर बसलेला असेल तर अंडी उघडी टाकून, चारा शोधत असेल तर तो सोडून. आपल्याला तो ‘उत्तर देतो’ असे वाटते, परंतु तो भांडायला आलेला असतो आणि त्याला प्रतिस्पर्धी कधीच सापडत नाही.

कायद्याचेही एक वाक्य लक्षात ठेवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे समाविष्ट केलेले आहे. शिकार म्हणजे केवळ बंदूक नव्हे, हे कायदा लिहिणाऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते.

---

प्रकाशरेषा

मी छायाचित्रे काढतो आणि या विषयावर गप्प राहणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात एका ओढ्याकाठी मी टिकेलच्या निळ्या माशीमारासाठी लहान स्पीकर लावला होता. पक्षी लगेच आला. समोरच्या वेलीवर, दहा-बारा फुटांवर बसला, पिसे फुलवली, गायला, उडून स्पीकरवरून गेला, पुन्हा त्याच वेलीवर आला. प्रकाश सुंदर होता आणि मी जवळजवळ वीस मिनिटे थांबलो नाही. संध्याकाळी घरी छायाचित्रे मोठी करून पाहताना दिसले की पहिल्या काही चित्रांमध्ये त्याच्या चोचीत हिरवी अळी आहे. प्रौढ पक्षी अळी चोचीत धरून फिरतो तेव्हा ती स्वतःसाठी नसते. पुढच्या चित्रांमध्ये अळी नव्हती आणि चोच उघडी होती. ती त्याने गिळली की टाकली ते मला माहीत नाही, पण पिल्लांपर्यंत ती पोहोचली नाही एवढे नक्की, कारण त्या वीस मिनिटांत तो माझ्यासमोरून हलला नव्हता.

ते छायाचित्र त्या वर्षी मी काढलेले सर्वांत चांगले छायाचित्र होते. मी ते कुठेही दिले नाही. स्पीकर त्यानंतर वापरला नाही. माळटिटवी ताई, ध्वनिमुद्रण घरी ऐका, कानात बसवा आणि रानात फक्त थांबा. काटेसावरीसमोर तुम्ही तासभर बसलात, म्हणजे थांबणे तुम्हाला येतेच.

---

माळटिटवी

उत्तर मिळाले. ध्वनिमुद्रण रानात लावणार नाही. प्रकाशरेषा, हे लिहिल्याबद्दल तुमच्याविषयी आदर वाटतो.

---

गडपायथा

नमस्कार. मी याच भागात राहतो आणि हा धागा पहिल्यापासून वाचतो आहे. स्पीकरचे तुम्ही बोललात ते योग्यच आहे, पण या दिवसांत आमच्याकडे त्याहून मोठी भीती वणव्याची असते, म्हणून त्याविषयी लिहितो.

माघ-फाल्गुनात डोंगरावरचे गवत कागदासारखे वाळते. जाळले की पुढच्या पावसाळ्यात गवत जोमाने येते असा जुना समज आहे, त्यापायी कोणी आग लावतो. कोणी रात्री चूल पेटवून निखारे तसेच सोडून जातो. कोणी पेटती विडी-सिगारेट टाकतो. वारा असला तर एक आख्खी सोंड संध्याकाळपर्यंत काळी होते. ताईंनी पहाटे ऐकलेला रातवा घरटे बांधतच नाही, उघड्या जमिनीवर, पाचोळ्यात अंडी घालतो आणि रंगावर भरवसा ठेवून बसून राहतो. टिटवीही जमिनीवरच अंडी घालते. चंडोल, लावे यांची घरटी गवताच्या बुडाशी असतात. मोठा पक्षी उडून जातो, अंडे उडून जात नाही.

वणवा लागला की कोतवाल, वेडे राघू आणि घारी धुराच्या कडेला जमतात, कारण आगीपुढे पळणारे किडे आणि टोळ त्यांना आयते मिळतात. लांबून पाहणाऱ्याला वाटते की पक्ष्यांना काही त्रास झालेला नाही, उलट ते गोळा झाले आहेत. पाहुण्यांना मी हे नेहमी समजावून सांगतो: ते जेवायला आलेले पक्षी आहेत, ज्यांचे घर जळाले ते तुम्हाला दिसत नाहीत.

गवत पुरते वाळण्याआधी जाळरेषा काढाव्या लागतात, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले गवत आधीच साफ करून आगीची वाट तोडायची. वनखाते त्या काढते आणि गावातली पोरेही हात लावतात. पक्षी पाहायला येणाऱ्यांनी एखादा रविवार त्यासाठी दिला तर आम्हाला आनंद होईल. कोयता-फावडे आमच्याकडे आहे.

आणि भोरड्यांबद्दल एक सांगतो. तुम्ही काटेसावरीवर पाहिल्या त्या आम्ही शाळूच्या रानात पाहत मोठे झालो. ज्वारीत दाणा भरला की त्यांचे थवे ढगासारखे उतरत, आणि आम्ही पोरे माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत, डबे बडवत असू. लहानपणी मला त्या चोर वाटत. आता ज्वारीचे क्षेत्र आमच्या बाजूला फारसे उरलेले नाही आणि गोफण कोणाला येत नाही. थवा वरून गेला की मी काम थांबवून पाहतो.

---

जुनी_दुर्बीण

गडपायथा, फार मोलाचे लिहिलेत. जाळरेषांसाठी मला हाक मारा, वय झाले असले तरी गवत गोळा करता येते.

भोरड्यांचा धागा थोडा पुढे नेतो. या मूळच्या आपल्या नव्हेत. त्यांची वीण मध्य आशियात आणि पूर्व युरोपच्या गवताळ प्रदेशांत होते आणि तिकडे टोळ हे त्यांचे मुख्य खाद्य असते. पावसाळ्याच्या शेवटी त्या आपल्याकडे येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात. म्हणजे काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात ती वेळ त्यांच्या प्रवासाच्या अगदी आधीची असते. पाने नसलेल्या त्या झाडांवरचा मध ही त्यांची शिदोरी आहे. म्हणून शेतकऱ्याने बांधावरचा एक पांगारा ठेवला तर त्याचा उपयोग फार दूरपर्यंत पोहोचतो. गप्पीदास, धोबी आणि बारीक वटवटे हेही याच सुमारास परतीच्या तयारीला लागतात. या ऋतूत पक्षी पाहण्यासारखे सुख नाही, कारण एकाच झाडावर निघालेले आणि राहणारे असे दोघेही भेटतात.

---

देवदार

मी मूळची सातारची, सध्या नोकरीनिमित्त उत्तराखंडात राहते. जुनी_दुर्बीण यांनी ‘निघालेले’ असे लिहिले आणि मला दुसरी बाजू सांगावीशी वाटली.

हिवाळ्यात सह्याद्रीत नीलांग नावाचा माशीमार येतो, सगळा निळसर-हिरवा, तांब्याच्या भांड्यावर चढलेल्या कळंकासारख्या रंगाचा, डोळ्यापुढे काळा डाग असलेला. लहानपणी कास पठाराच्या वाटेवर मी तो थंडीत पाहत असे आणि तेथे तो नेहमी मुका असे. येथे वसंत आला की तो तारेवर किंवा देवदाराच्या शेंड्यावर बसून सकाळभर गातो आणि रस्त्याकडेच्या दरडीच्या भोकात, पुलाखाली, कधी घराच्या वळचणीला घरटे करतो. पहिल्या वर्षी त्याचे गाणे ऐकले तेव्हा मी त्याला ओळखले नाही. रूपाने माझ्या गावचा आणि आवाजाने परका, असे वाटले. नंतर लक्षात आले की परका तो तिकडे असतो.

तुमच्याकडे अजून दिसत असेल तर कृपया तारीख लिहा. येथे पहिला कधी दिसतो ते मी लिहीन.

---

माचीवरून

देवदार, काल सकाळी गडाच्या वाटेवर एक नीलांग दिसला, एकटाच होता. तारीख वहीत लिहून ठेवली आहे. शेवटचा दिसेपर्यंत लिहीत राहीन.

तसेच येथेच नमूद करतो की ध्वनिमुद्रणाबाबत माझे मत मी बदलले आहे. वीस जणांचा हिशेब मी केला नव्हता.

---

माळटिटवी

रविवारी जाऊन आले.

जागा नेमकी कोणती ते मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी अशी कारवी स्वतः शोधावी आणि कडेलाच बसावे. साडेसहाला एका खडकाला पाठ टेकवून बसले. चाळीस मिनिटे काही घडले नाही. वरून टकाचोर ओरडत गेला, दोन शिपाई बुलबुल येऊन गेले, एका मिश्र थव्यातला नाचण माझ्या बुटापासून चार हातांवर उतरला. मुख्य वाटेवरून लोकांचे आवाज येत होते आणि दर वेळी मला वाटत होते की आता काही दिसणार नाही.

सव्वासातच्या सुमारास कारवीच्या बुडाशी पाने वाजू लागली. सरडा असेल असे वाटले, पण सरड्याची खसखस एकदा होऊन थांबते आणि ही थांबत नव्हती. एक वाळलेले पान उचलले गेले आणि बाजूला फेकले गेले. मग दुसरे. मग पानाच्या जागी चोच दिसली, डोंगरकूस यांनी सांगितली तशीच, पिवळी आणि वाकडी. ती त्याने पानाखाली सुईसारखी घातली, मान तिरकी केली आणि पान उलटले. पांढरी भुवई कारवीच्या सावलीत इतकी ठळक होती की दुर्बीण उचलावी लागली नाही. मी ती उचललीही नाही, कारण हात हलवायची भीती वाटत होती.

त्याने चोच थोडी वर केली, गळ्याची पांढरी पिसे फुलली, आणि ‘पू-पु-पु-पु’ ऐकू आले. इतक्या जवळून तो आवाज गोडापेक्षा भरीव वाटतो. चौथा ठोका चालू असतानाच मागून, साधारण दोन काठ्यांच्या अंतरावरून, ‘क्रू-क्रू’ आले. मी त्या दिशेला पाहिले तर दुसरा पक्षी एका वाकलेल्या दांड्यावर बसला होता आणि त्याच्या चोचीत आडवे धरलेले एक लांब, वाळलेले पान होते. पान चोचीत धरूनच त्याने उत्तर दिले होते. मग तो दांड्यावरून खाली उतरला, झुडपाच्या तळाशी गेला आणि बाहेर आला तेव्हा चोच रिकामी होती.

मी बसल्या जागेवरूनच मागे सरकत वाटेवर आले. त्या दिवशी गड चढले नाही. घरी येऊन आधीच्या रविवारची यादी काढली, ‘अनोळखी, १’ ही ओळ खोडली आणि तेथे सिमिटर बॅबलर, २ असे लिहिले.

गडपायथा, जाळरेषेसाठी कोणत्या रविवारी यायचे ते कळवा. जुनी_दुर्बीण काकांना मी गाडीतून घेऊन येईन.